पाच नंबरच्या पट्ट्याचा जोड

आमच्या वीज केंद्राच्या कोळसा विभागातला पट्टा जोडायचा प्रेस गेली अकरा वर्षं विजेवर चालत नाही. तो माझ्या शरमेवर चालतो.

प्रेस म्हणजे काय, ते सांगतो. कोळसा वाहणारा रबरी पट्टा तुटला किंवा झिजला की त्याची दोन टोकं पायऱ्यांसारखी कापायची, चिकटवायचं सोल्युशन लावायचं, मध्ये कच्चं रबर घालून एकावर एक बसवायची आणि खाली-वर दोन तवे आवळून भाजायची. तवा एकशे पंचेचाळीस डिग्रीला जायला हवा. तिथे चाळीस मिनिटं थांबायला हवा. मग साठच्या खाली उतरेपर्यंत उघडायचा नाही. कमी तापला तर जोड कच्चा राहतो, जास्त तापला तर रबर जळतं. मी चौतीस वर्षं हेच काम केलं. दुसरं मला येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मार्चच्या एकतीस तारखेला आम्ही तीन नंबरचा पट्टा जोडत होतो. त्याच दिवशी आमच्या विभागातल्या एकाचा निवृत्तीचा समारंभ होता. मी गेलो नाही. जोडाचं काम आहे, असं सांगितलं. तवा एकशे पंचेचाळीसवर होता तेव्हा इलेक्ट्रिशियन मोहितकर खाली वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"डोमाजीभाऊ, प्लग तर लावलाच नाही गा."

खरंच, प्लग धुळीत पडला होता. मग सगळ्यांना एकेक करून बाहेर पाठवलं. मोहितकर गेला, तापमानाचा काटा हलला नाही. हेल्पर गेले, हलला नाही. मी पाणी प्यायला गेलो तर काटा उतरायला लागला. परत आलो तर चढला. मोहितकरने वहीत लिहिलं, "प्रेस पिदूरकरांवर चालतो." त्याआधीही तो माझ्यावरच चालत असेल. पण प्लग लावलेला असायचा, त्यामुळे कळत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला तपासलं. ताप नव्हता. रक्तदाब ठीक होता. त्यांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, "याला कशाची तरी शरम आहे. कामावर राहण्यास योग्य."

विभागाचे अभियंता हेडाऊ साहेब. त्यांनी आठ दिवसांत आदेश काढला. पिदूरकर यांनी प्रेसपासून तीन फुटांवर उभं राहावं. जोड चालू असताना त्यांच्याशी थट्टामस्करी करू नये. त्यांची स्तुती करू नये. यंत्रांच्या यादीत प्रेसच्या खाली माझं नाव चढवलं. दर जोडाला एक फॉर्म भरायचा. तो इंग्रजीत असे. त्यात "कारण" नावाचा एक रकाना आहे असं मोहितकरने सांगितलं. मी म्हणालो, मोकळा ठेव. अकरा वर्षं तो मोकळाच राहिला. मी खाली सही करत असे.

कारण कोणी विचारलं नाही. घरी बायकोने एकदा विचारलं.

"कामाची गोष्ट आहे," मी म्हणालो.

"कामाची असती तर झोपेत बडबडले नसते तुम्ही," ती म्हणाली आणि भाकरी उलटवली. पुन्हा विचारलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. साहेबांनी मला निवृत्त केलं नाही, किंवा केलं आणि दुसऱ्या दिवशी जीप पाठवली. जोड असला की जीप येते. आठ वर्षांपूर्वी प्रेसची केबल पंपहाऊसला देऊन टाकली, कारण ती नुसतीच पडून होती. सहा वर्षांपूर्वी विभागाला ऊर्जा बचतीचं प्रमाणपत्र मिळालं. त्याची एक प्रत मला दिली. दुसऱ्या केंद्रांतून माणसं मला पाहायला यायला लागली. ते प्रेसकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत, आणि नमस्कार करत. मी ताठ उभा राहायचो.

इथेच चूक झाली.

यंदा ऊर्जा तपासणीसाठी पुण्याहून लघाटे मॅडम आल्या. वीज बनवणारं केंद्र स्वतः किती वीज खातं, हे मोजायचं त्यांचं काम. वय तिशीचं, पायात सेफ्टी बूट, हातात पॅड. प्रेसपाशी त्या थांबल्या.

"रेटिंग छत्तीस किलोवॅट. वापर शून्य. अकरा वर्षं?"

"हो मॅडम," हेडाऊ साहेब म्हणाले.

"मग ऊर्जा कुठून येते?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "यांच्याकडून."

"कोणत्या स्वरूपात?"

"शरमेच्या."

मॅडमनी लिहून घेतलं. "वैयक्तिक की विभागाची?"

"वैयक्तिक," मी म्हणालो.

त्यांनी सगळ्या वह्या मागवल्या आणि दोन दिवस बसून एक आलेख काढला. तो मला दाखवला. रेघ वरून खाली येत होती. सुरुवातीला तवा पंचवीस मिनिटांत तापायचा. मग पस्तीस. मग पन्नास. शेवटच्या जोडाला तो एकशे अडतीसपर्यंत गेला आणि तिथेच बसला. मोहितकरने वहीत एकशे पंचेचाळीस लिहिलं होतं, पण आधी अडतीस लिहून खोडलेलं दिसत होतं. तोही निवृत्तीला आला आहे. माझ्यासाठी खोडलं असावं.

"पिदूरकर काका, सहा वर्षांपूर्वी काय झालं?" मॅडमनी विचारलं. "इथून उतार आहे."

"प्रमाणपत्र मिळालं."

"कुठे लावलंय?"

"पुढच्या खोलीत. देवाच्या वर."

"उतरवा."

मी घरी जाऊन उतरवलं. दुसऱ्या दिवशी रिकामा प्रेस लावून पाहिला. काटा एकशे चाळीसवर गेला. दोन डिग्री मिळाल्या. पाच कमी होत्या.

त्याच आठवड्यात पाच नंबरचा पट्टा मधोमध फाटला. केंद्राला कोळसा देणारा तो मुख्य पट्टा. कोळसा साठवायच्या बंकरमध्ये आठ तासांचा कोळसा होता. त्यानंतर वीज बनवणारा संच बंद पडणार होता. केबल परत मागवायची म्हटलं, तर मंजुरीसाठी वापर किती टक्क्यांनी वाढणार ते लिहावं लागतं. शून्यावरून छत्तीस म्हणजे किती टक्के, हे मुख्य कार्यालयातही कोणाला काढता येईना. फाईल तिथेच थांबली.

आम्ही टोकं कापली, घासली, सोल्युशनचे दोन हात दिले, रबर घातलं, तवे आवळले. हे काम मी स्वतः केलं. माझ्या हाताचा जोड पाच नंबरच्या पट्ट्यावर याआधी एकदा सुटला आहे. दुसऱ्यांदा सुटला असता तर मी गावात तोंड दाखवू शकलो नसतो. काटा एकशे चाळीसवर जाऊन थांबला.

"पिदूरकर," हेडाऊ साहेब हळूच म्हणाले, "नवीन काही करता येईल का? लहानसं?"

"साहेब, या वयात?"

"बरोबर आहे."

मग साहेबांनी बाकीच्यांना माझ्या जागी उभं करून पाहिलं. मी तीस फूट लांब गेलो. बंकरमधला कोळसा संपत होता म्हणून लवकर लवकर केलं. मोहितकरने वहीतली खाडाखोड आठवून पाहिली. चौपन्न डिग्री निघाल्या. स्टोअरचा बाबू बासष्टवर गेला आणि लगेच म्हणाला की आज ऊन जास्त आहे. मॅडम उभ्या राहिल्या, तेव्हा काटा एक्केचाळीसवर आला, आणि त्या दिवशी हवाच एक्केचाळीस होती. शेवटी साहेब स्वतः उभे राहिले. काटा एकशे अठरावर गेला. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. ते वहीत लिहिलं नाही.

"पुरत नाही," साहेब म्हणाले आणि बाजूला झाले.

मॅडम माझ्याकडे आल्या. "काका, समोरचा माणूस हयात आहे का?"

समोर कोणी माणूस आहे, असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"आहे."

"कुठे असतो?"

मी हातावरचं सोल्युशन खरवडत राहिलो.

"पिदूरकर," साहेब म्हणाले, "बंकरमध्ये पाच तास राहिले."

"लटारी उरकुडे," मी म्हणालो. "वाचनालयाच्या मागे राहतो."

साहेबांनी तिथल्या तिथे पत्र टाईप करून घेतलं. आपण आज प्रेसजवळ दोन तास उपस्थित राहावे ही विनंती. चहाची सोय केलेली आहे. पत्र घेऊन जीप गेली. मी परत तीन फुटांवर जाऊन उभा राहिलो आणि काटा पुन्हा एकशे चाळीसवर आला.

आता झालेलं सांगायला हवं. सत्तावीस वर्षांपूर्वी मी आणि लटारी, आम्ही दोघं जोडारी होतो. तो दहावी पास, मी दुसरीत शाळा सोडलेली. हात माझा चांगला होता. डोकं माझं कडक होतं. पाच नंबरच्या पट्ट्याचा जोड मी केला. सोल्युशनच्या डब्यावर दोन तारखा होत्या, एक मार्चची आणि एक ऑगस्टची. अंक मला येतात. अंकांपुढे काय लिहिलंय ते इंग्रजीत होतं. महिना ऑगस्टच चालू होता. मी मुदत ऑगस्टची धरली. ऑगस्ट ही स्टोअरने डबा दिल्याची तारीख होती. मुदत मार्चमध्येच संपली होती. लटारी हाताच्या अंतरावर होता. त्याला विचारलं असतं तर त्याने वाचून दाखवलं असतं. मी विचारलं नाही.

जोड चौथ्या दिवशी सुटला. पट्टा उतारावरून मागे घसरला, तळाशी कोळशाचा डोंगर झाला, संच नऊ तास बंद राहिला. कोणी मेलं नाही. लोक आधी तेच विचारतात म्हणून सांगतो. चौकशी बसली. डबा कोणी उघडला, असं विचारलं. मी गप्प राहिलो. लटारीही गप्प राहिला. चौकशीचे साहेब म्हणाले, ज्याला वाचता येतं त्यानेच वाचायला हवं होतं. हे सगळ्यांना पटलं. लटारीला जोडाऱ्याच्या कामावरून काढून पट्ट्याखाली सांडलेला कोळसा उचलायला दिलं. सोळा वर्षं त्याने फावडं मारलं. मी त्याच पट्ट्याच्या वरच्या वाटेने जायचो. खाली पाहायचो नाही. अकरा वर्षांपूर्वी मार्चच्या एकतीस तारखेला जो समारंभ होता, तो त्याचा.

जीप आली. लटारी उतरला. डोळ्यांवर जाड चष्मा, काखेत छत्री आणि दुमडलेला पेपर.

"काय गा डोमा, आहेस म्हणायचा अजून!"

"आहे."

"उजव्या कानाकडून बोल. डावा गेला पट्ट्याखाली."

काटा एकशे चाळीसवरून सरकला. त्रेचाळीस. पंचेचाळीस. तिथे थांबला. मोहितकरने घड्याळ पाहिलं. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि लटारीला स्वतः खुर्ची दिली.

लटारीची एक सवय आहे. दिसेल ते तो मोठ्याने वाचतो. त्याने भिंतीवरची पाटी वाचली, "येथे थुंकू नये." प्रेसवरचा पत्रा वाचला, "छत्तीस किलोवॅट, तीन फेज." मग खाली वाकून रिकामा डबा उचलला, चष्म्याजवळ नेला आणि फिरवून फिरवून वाचला.

"मुदत, पुढच्या वर्षीचा जून," तो म्हणाला. "चांगला आहे."

"एकशे एक्कावन्न," मॅडम म्हणाल्या. "एकशे सत्तावन्न. काका, काय करताय?"

मी काही करत नव्हतो.

"एकशे बासष्ट. रबर जळेल!"

"पिदूरकर, कमी करा," साहेब म्हणाले.

"कशी करू?"

"काय असेल ते सांगून टाका त्यांना." मग त्यांनी काट्याकडे पाहिलं. "पण बेताने."

मी लटारीच्या उजव्या बाजूला गेलो. विभागातली चौदा माणसं उभी होती.

"लटारी, तुझ्या समारंभाला मी आलो नाही."

"ते मी पाहिलं. पेढा ठेवला होता तुझा. मुंग्यांनी खाल्ला."

"एकशे अठ्ठावन्न," मॅडम म्हणाल्या. "पुढे."

"जोडाचं काम होतं असं सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी करता आलं असतं."

"एकशे चौपन्न."

"सोळा वर्षं मी वरून जायचो. तू खाली असायचास. मी पाहत नव्हतो."

"डोक्यात कोळसा पडायचा तू गेलास की," लटारी म्हणाला. "त्यावरून कळायचं."

"एकशे एकोणपन्नास."

"तो डबा..." मी म्हणालो.

"एकशे पंचेचाळीस!" साहेबांनी हात वर केला. "थांबा! बस. आता चाळीस मिनिटं काही बोलू नका."

मी थांबलो. चहा आला. लटारीने बशीत ओतून घेतला.

"डब्याचं काय?" त्याने विचारलं.

"साहेबांनी थांबायला सांगितलं आहे."

"मग थांब."

मी चाळीस मिनिटं तीन फुटांवर उभा राहिलो. तोंडात ते अर्धं वाक्य होतं. लटारी पेपर वाचत होता, पण पान उलटत नव्हता. मोहितकर दर पाच मिनिटांनी वहीत लिहीत होता. पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस. इतका सरळ तवा या प्रेसने कधी दाखवला नव्हता, असं मॅडम नंतर म्हणाल्या.

"झाले चाळीस," मोहितकर म्हणाला.

"आता उतरवा," साहेब म्हणाले. "सगळं सांगा."

"डबा मी उघडला होता. मला वाचता आलं नाही. तुला विचारायचं नव्हतं. चौकशीत मी गप्प बसलो आणि तुझी जोडाऱ्याची जागा गेली."

एवढंच होतं. सत्तावीस वर्षांत मला ते याहून मोठं वाटायचं. काटा भराभर उतरला. एकशे वीस. एकशे चार. शहाण्णव.

लटारीने पेपरची घडी घातली.

"झालं?"

"झालं."

"तारीख मी वाचली होती," तो म्हणाला. "मार्च. तेव्हाच, डबा उघडायच्या आधी."

काटा शहाण्णववर थांबला.

"त्या दिवशी सकाळी तू मला सगळ्यांसमोर काय म्हणाला होतास, आठवते? म्हणाला होतास, लटारी, वाचल्यानं जोड बसत नाही, हातानं बसते. सगळे हसले. मी म्हटलं, ठीक आहे, बसव हातानं. आणि डबा तुझ्याकडे सरकवला."

"एकशे दहा," मॅडम म्हणाल्या. "काका, परत चढतोय."

"चौकशीत सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"काय सांगू? मी वाचलं आणि सांगितलं नाही, असं? फावडं दिलं तेव्हा मला वाटलं, बरोबर दिलं."

"एकशे तीस. पिदूरकर काका, तुम्ही लांब जा."

मी लांब गेलो. माठापर्यंत गेलो. पाणी प्यालो. मॅडमनी तिथून मान हलवली. "तुमचा नाही हा. तुम्ही गेलात तरी काटा तसाच आहे."

तवा एकशे पंचेचाळीसवर होता आणि त्याच्याजवळ खुर्चीवर लटारी उरकुडे एकटा बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. मॅडमनी पॅडवर काही लिहिलं, खोडलं आणि परत लिहिलं.

बंकरमध्ये दोन तास राहिले होते. भाजलेला जोड पुन्हा भाजला गेला तर कडक होऊन तडकतो. मी परत गेलो आणि लटारीच्या खुर्चीमागे उभा राहिलो.

"ऊठ," मी म्हणालो. "आपण दोघं इथे असलो तर हा उतरणार नाही."

"गुडघा धरते माझा."

मी हात दिला. तोवर मी कोणाला हात दिलेला नव्हता. आम्ही पलीकडे, वजनकाट्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. प्रेसपासून दोनशे फूट तरी असेल. बाकीचे तिथेच राहिले, साहेब आणि स्टोअरचा बाबू मात्र कोणी न सांगताच लांब जाऊन उभे राहिले. मॅडम आकडा ओरडून सांगत होत्या आणि मी तो लटारीच्या उजव्या कानात सांगत होतो.

"एकशे दोन."

"हं."

"ऐंशी."

"हं."

"त्या फावड्याचा दांडा कोणता होता तुझा?" मी विचारलं. "बाभळीचा?"

"सागाचा. हलका पडायचा."

"एकोणसाठ," मी म्हणालो.

प्रेस उघडला. मी जोडावर अंगठा दाबून पाहिला. नख रुतलं नाही. कडा कुठे उचलली नव्हती. पावणेपाचला पट्टा चालू झाला आणि कोळसा वर जायला लागला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारण्यासाठी हात उचलला, आदेश आठवला, आणि खाली घेतला.

मग नेहमीचा फॉर्म आला. मोहितकरने सहीची जागा दाखवली. मी पेन घेतला नाही. फॉर्म लटारीपुढे धरला.

"वाच."

"तुला येत नाही?"

"नाही," मी म्हणालो. चौदा माणसं अजून तिथेच होती.

त्याने मोठ्याने वाचला. यंत्र, पट्टा जोडायचा प्रेस. विजेचा वापर, शून्य. ऊर्जेचा स्रोत, डोमाजी पिदूरकर. त्याखाली मॅडमनी नव्याने लिहिलं होतं, लटारी उरकुडे.

"इथे कारण म्हणून जागा आहे," तो म्हणाला. "मोकळी आहे. काय लिहू?"

"डबा."

त्याने लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्याचं. आम्ही दोघांनी सह्या केल्या.

आता जोड असला की जीप दोन घरांपुढे थांबते. प्रेसच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांवर खुर्च्या ठेवलेल्या आहेत. लटारी पेपर वाचतो, मी ऐकतो. तवा अडतीस मिनिटांत तापतो. त्यात माझा वाटा किती आणि त्याचा किती, हे वेगळं दाखवायचा मीटर मॅडमनी मागवला आहे. तो अजून आलेला नाही.